बाबांच्या केंद्रातली खुर्ची

थोरलीला वाचता येत होतं, पण वाचताना अक्षरं जागा सोडायची. एकच ओळ ती तीनदा वाचायची आणि तिन्ही वेळा निराळं काहीतरी हाती लागायचं. शाळेत असताना आई घरी मोठ्यानं वाचून दाखवायची, ही ऐकून पाठ करायची, निभावलं. विद्यापीठातली जाडजूड पुस्तकं कोण वाचून दाखवणार? पहिल्या सत्रात दोन विषय गेले. ‘पेपर अवघड होते’ म्हणून तिनं घरी वेळ मारून नेली.

अशा मुलांसाठी विद्यापीठात साहाय्य केंद्र होतं. पण त्याचे प्रमुख तिचेच बाबा. नव्या मुलांना ते कळकळीनं सांगायचे, “अडलात तर या, लाज बाळगू नका.” आणि घरी अभिमानानं म्हणायचे, “आपल्याकडे मठ्ठ कुणी जन्मलंच नाही.” केंद्रातल्या दुसऱ्या समुपदेशक बाई आईची मैत्रीण, हिची मावशीच म्हणा ना. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

एकदा वर्गात सरांनी तिला उतारा वाचायला उभं केलं. दोन शब्दांनंतर ती अडली. मागून कुणीतरी हसलं. ती पिशवी उचलून निघाली, ती थेट केंद्रातल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसली.

तिची पाळी आली तेव्हा बाबांनी मान वर केली. “किल्ली विसरलीस का?”

“नाही. माझा नंबर आहे.”

त्यांनी उठून दार लावलं. “काय असेल ते घरी बोलू.”

“घरी नाही बोलता येत, बाबा.”

मग तिनं सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते, पण नजर दाराकडे, बाहेर कुणाला ऐकू जातंय का म्हणून.

“आई वाचून दाखवायची ते मला लाड वाटायचे,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “तुझी तपासणी मला करता यायची नाही. नियमात बसत नाही.”

तिला वाटलं, संपलं, हेही दार बंद. पण त्यांनी मावशीला आत बोलावलं. “हिला तुम्ही बघा.” आणि थोरलीकडे न बघता, “तूर्त कुठं वाच्यता नको.”

तपासण्या झाल्या. परीक्षेत जादा वेळ मिळाला, प्रश्न वाचून दाखवणारी एक बाई मिळाली, वेगळी खोली मिळाली. राहिलेल्यातला एक विषय सुटला. घरात मात्र कुणी अवाक्षर काढेना. आई आणि मावशी बोलत बसल्या असल्या की ही आली रे आली, विषय बदलायचा.

एका संध्याकाळी जेवताना धाकटीनं विचारलं, “ताई, तुझी परीक्षा वेगळ्या खोलीत का गं?”

“तिथं गर्दी कमी असते,” बाबा पटकन म्हणाले.

थोरलीनं हातातला घास ताटात ठेवला. “मला नीट वाचता येत नाही, म्हणून.”

आई वाढता वाढता थांबली. बाबा खाली मान घालून जेवत राहिले. “म्हणजे कसं?” धाकटीनं विचारलं, आणि थोरली तिला सांगायला लागली.