मधलं खापर

"ताई, गप्प बसा. कुणाला कळणारे?" नीता म्हणाली आणि तिने लॅबचं दार लावून घेतलं.

विभावरीच्या हातात प्लॅस्टिसिनची गोळी होती. दुपारी दोनला मुलाखतीच्या पॅनेलला दाखवायचा ठसा घ्यावा म्हणून तिने ती तुकडे जोडून उभ्या केलेल्या जुन्या भांड्याच्या मधल्या खापरावर दाबली होती. पाच हजार वर्षांपूर्वी जपानमधल्या बायका ओल्या भांड्यावर दोरी फिरवून नक्षी उठवत. ठशात दोरीचा पीळ दिसतो. भांड्याच्या वरच्या आणि खालच्या भागांवरचा पीळ उजवा आणि या खापराचा डावा! तिने नखाने डिंक खरवडून पाहिला. कडाही जुळत नव्हत्या. खापर भलत्याच भांड्याचं होतं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी तिनेच ते चिकटवलं होतं.

भांड्याची वरची घडण डोंगराकडची, खालची किनाऱ्याची. दोन्ही भाग जोडणाऱ्या या एका खापराच्या जोरावर विभावरीने छातीठोकपणे लिहिलं होतं, की डोंगरातली मुलगी किनाऱ्यावर लग्न होऊन आली आणि माहेरची रीत घेऊन आली. पुण्याहून वेलिंग्टनला आलेल्या विभावरीचा त्या सुनेवर फार जीव. पुस्तक, नोकरी, सगळं तिच्या जिवावर मिळालेलं. आता विद्यापीठातला पुरातत्त्व विभाग बंद होत होता. एकच जागा उरणार होती आणि ती कुणाची, हे आजच ठरणार होतं.

"पॅनेलवर सगळे मॅनेजमेंटवाले आहेत. किआ ओरा म्हणून माओरीत नमस्कार करा, स्लाइड्स दाखवा, निघा."

"आणि मला कळलंय, त्याचं काय करू?"

"एक्कावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणारे तुम्हाला?" टेक्निशियन असली तरी नीता तिच्याशी घरच्यासारखी बोलायची.

विभावरी स्टुलावर बसली. विद्यार्थ्यांच्या चुकीच्या जोडांवर लाल शेरे मारणारी बाई ही! "डोळे फुटले होते का गं माझे?" म्हणत ती हमसून रडली. सगळं संपलं होतं.

मग तिने नाक पुसलं आणि ॲसिटोनची बाटली काढली.

नीताने खिडकी उघडली. वरचा भाग तिने धरला, खालचा विभावरीने. ब्रश फिरत राहिला, डिंक मऊ होत गेला आणि मधलं खापर विभावरीच्या तळहातावर आलं. वर एक भांडं, खाली दुसरंच. कुणी कुणाकडे नांदायला आलेलं नव्हतं.

विभावरीने वरच्या आणि खालच्या भांड्यासाठी दोन नवी लेबलं लिहिली. टेबलावर ट्रे मात्र एकच होता.

नीता दुसरा घेऊन आली.