माझ्या चाकाची कुरकुर

मित्रांनो, दर रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जी आडवी उभी असते, ती जुनी बाबागाडी मीच. माझं निळं कापड उन्हानं विटलंय. एका मुठीचं रबर माझ्यात बसणाऱ्या छोट्या खारूनं दात येताना चावून टाकलंय. पण पाठ अजून ताठ आहे.

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा चारही चाकं फिरवून पाहिली होती. लोण्यासारखी फिरली. खारूच्या आईनं दुकानातून घरी आणलं आणि मला वाटलं, आता जग बघायचं. जग कसलं, गल्लीच्या दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या आणि मधून मोटारी धावणाऱ्या. एकदा एक मोटारसायकल मला घासून गेली. खारूला खरचटलंसुद्धा नाही, पण आईनं मला तशीच ओढत फाटकाच्या आत नेलं. त्या दिवसापासून माझा पट्टा आवळला तो आवळलाच. खारू वाढली, तिचे पाय जमिनीला घासू लागले, तरी रस्त्यावर तिला उतरू देत नसत.

"एवढी मोठी घोडी, अजून गाडीत?" शेजारचे काका चिडवायचे. तेही स्वतःच्या लांबलचक मोटारीला टेकून.

खारूची आत्या परदेशात राहते. तिनं बोलावलं, तेव्हा घडी घालून मलाही नेलं. तिच्या शहरात मोटारींना मज्जाव. त्या वेशीबाहेर ठेवायच्या. आत पायी नाहीतर सायकलनं. दगडी रस्त्यावर मला उलगडलं आणि कुर्र कुर्र ऐकू आलं. कोण कुरकुरतंय म्हणून पाहते, तर माझंच पुढचं चाक. घरच्या गल्लीतल्या हॉर्नच्या गोंगाटात माझा आवाज मलाच कधी ऐकू आला नव्हता. आत्यानं तेल सोडलं. मग पावलं, कारंजं, कुणाच्या तरी खिडकीतली शीळ, असं एकेक कानावर येऊ लागलं. मी त्या शहराच्या प्रेमातच पडले.

आईची सवय मात्र सुटेना. कोपऱ्यावर ती थबकायची, दोन्हीकडे बघायची आणि मोटार अडवावी तसा तळहात वर करून पलीकडे जायची. मोटार नव्हतीच. पलीकडच्या पाववाल्या बाईंना वाटलं, ही आपल्यालाच हात करतेय. त्यांनीही केला. मग ते रोजचंच झालं.

"ओळख बरी वाढवलीस," आत्या हसली. "आता पोरीलाही खाली सोड."

"नको हो ताई. पळाली तर?"

"पळून पळून जाईल कुठे? माझ्याच दारात येईल."

 कोपऱ्यावर मात्र आईचा हात पट्ट्याकडे गेला. खटका उघडला. खारू उतरली, आईसारखाच इवलासा तळहात वर केला आणि पाववाल्या बाईंनी हात हलवताच तिनं धूम ठोकली. आई तिच्यामागे धावली, मग थांबली. मोकळ्या हातांचं काय करावं हे न सुचून तिनं ते माझ्या मुठींवर ठेवले.

वाईट वाटलं का? वाटलं थोडं. बाबागाडी रिकामी झाली की तिची रवानगी माळ्यावर. पण खारूचं हसू पुढे पुढे पळत होतं. असं हसू पट्ट्यात बसून येत नाही.

घरी परतल्यावर खारू फाटकाशी अडून बसली. "मी चालणार." आईनं तिला उचलून आत नेलं आणि संध्याकाळी घरोघरी दारं वाजवली. रविवारची सकाळ गल्ली पोरांना द्या, एवढंच मागणं.

"मग मोटार काय डोक्यावर घेऊन फिरू?" काका म्हणाले.

"डोक्यावर कशाला काका? आदल्या दिवशी मैदानापाशी लावा."

रविवारी पुष्कळ मोटारी हलल्या. काकांची नाही. गल्लीच्या एका टोकाला बाक ठेवला, दुसऱ्या टोकाला आईनं माळ्यावरून काढून मला लावलं. काका मोटार बाहेर काढत माझ्यापाशी आले, हॉर्न वाजवला. आईनं तळहात वर केला. खारूनंही.

काकांनी काच खाली केली. "ही बाबागाडी अडवणार मला?"

"बाबागाडी नाही," खारू म्हणाली. "मी."

 काका इंजिन बंद करून, पिशवी घेऊन पायीच गेले. हल्ली रविवारी तेच माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या मोटारींना तळहात दाखवतात.

मित्रांनो, मोठे झालात म्हणून आमच्यासारख्यांना अडगळीत टाकू नका. आणि तुमचा रस्ताही आमच्यासारखाच जपा, तो तुमच्या पावलांसाठी आहे.

गेल्या रविवारी आई मला जागेवर ढकलत होती. मध्येच ती थबकली. कुर्र. माझं चाक, आमच्या गल्लीत, अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

आई हसली. "खारू, तेल आण गं."