माझ्या जागी छापलेला शब्द

मी वाफ्ट बोलतोय. नाव ऐकलं नसेल तुम्ही; ऐकणार तरी कुठून? मी इंग्रजीतला चार अक्षरांचा एक शब्द. धूर, वास, एखादं पीस हवेवरून अलगद वाहत जातं ना, ते सांगायला मला बोलावतात. बोलावतात म्हणजे, बोलवायचे. हल्ली माणसं बेकरीसमोर उभी राहिली की तेवढ्यापुरती माझी आठवण काढतात.

माझ्या जन्माची गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पूर्वी व्यापारी जहाजांची राखण करत बरोबर जाणाऱ्या जहाजाला वाफ्टर म्हणत. त्याची 'अर' ही शेपटी गळाली आणि मी उरलो. तोफा होत्या हो माझ्याकडे! मग नुसतं पाण्यावरून नेणं आलं, मग वाऱ्यावरून नेणं, आणि शेवटी नशिबी आला पावाचा वास.

माझ्याच कामातले दोघे मात्र मजेत आहेत. फ्लोट आणि ड्रिफ्ट. फ्लोटचं तर काय विचारता! पाण्यावर तरंगला की फ्लोट, मिरवणुकीतला सजवलेला रथ फ्लोट, सोड्यात आइस्क्रीमचा गोळा सोडला तरी फ्लोट. ड्रिफ्ट म्हणजे वाहवत जाणारा, पण दारात साचलेल्या बर्फाच्या ढिगालाही त्याचंच नाव, म्हणून हिवाळाभर तो लोकांच्या तोंडी. मी जळतो त्यांच्यावर. खोटं कशाला बोलू?

अमेरिकेत लेक सुपीरियर या मोठ्या सरोवराच्या काठावर, फिनलंडहून आलेल्यांच्या नातवंडांचं एक लहान गाव आहे. तिथे मात्र माझा मान होता, आणि तो आर्विड केम्पामुळे. हा म्हातारा मेपलच्या लाकडाची धुरी देऊन मासे टिकवायचा. धूर गावावरून जायला लागला की बायका धुणं आत घेत म्हणायच्या, आर्विडचा धूर वाफ्ट व्हायला लागला बाई. आठवड्यातून दोनदा तरी माझं नाव निघायचं. मला तेवढं पुरे होतं.

आर्विडचं एकच वाईट. त्याची मुलगी लोर्ना नऊ वर्षांची असताना तो घर सोडून गेला. अकरा वर्षं कधी जहाजांवर, कधी सफरचंदांच्या बागांत. परत आला तेव्हा बायको देवाघरी गेलेली आणि लोर्ना डुलुथ शहरात नोकरीला लागलेली. तिने त्याला माफ केलं नाही. नाताळला कार्ड पाठवायची, खाली फक्त सही. त्याच्या घराची पायरी ती सव्वीस वर्षं चढली नव्हती.

ऑक्टोबरात त्याची होडी उलटली. तिसऱ्या दिवशी तो सापडला. मग मात्र लोर्ना आली आणि त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच टेबलावर, गावच्या साप्ताहिकासाठी मृत्यूची बातमी लिहायला बसली. मंगळवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायचा होता. त्या गावात अशी बातमी कापून फ्रिजवर लावतात, वर्षानुवर्षं काढत नाहीत. म्हणजे बापाचं जे काही उरणार ते त्या आठ ओळींत. लोर्नाला त्याची खोटी स्तुती करायची नव्हती आणि गावासमोर त्याची शोभाही करायची नव्हती. तो कसा जगला हे सांगणाऱ्या एका वाक्यावर तिचं घोडं अडलं होतं.

आधी तिने ड्रिफ्टला घेतलं. मी टेबलाशी घुटमळत होतो, मला वाटलं, झालं, नेहमीचंच. पण तिने लगेच काट मारली. ड्रिफ्टला 'अर' जोडलं की होतो ड्रिफ्टर, घरदार नसलेला भटक्या, आणि गाव आर्विडला पाठीमागे हेच म्हणायचं. मग तिने फ्लोट लिहिला आणि तिचा हातच थांबला. फोनवर पोलिसांच्या तोंडून फ्लोटर निसटलं होतं. बुडून वर आलेल्या प्रेताला ते असं म्हणतात. तिचे डोळे भरून आले. आणि मी? मी आनंदाने नाचलो. लाज वाटते सांगायला, पण नाचलो. दोघांना त्यांच्या शेपट्यांनीच आडवं केलं होतं.

दाराशी त्याचा कोट टांगलेला होता, धुराच्या वासाचा. तिकडे पाहून तिने मला लिहिलं. वाक्य असं: तो धुरासारखा वाऱ्यावरून वाहत गेला, आणि त्याने कुणाकडे काही मागितलं नाही. यातलं 'धुरासारखा वाऱ्यावरून वाहत गेला' एवढं सगळं इंग्रजीत मी एकटा सांगतो, बरं का! फ्लोटला जमेल?

गुरुवारी साप्ताहिक आलं. मी स्वतःला शोधत होतो. मी नव्हतोच.

मजकूर तपासणारी बेव्हर्ली, निवृत्त शाळामास्तरीण. तिला वाटलं, वास वाफ्ट होतो, माणूस कसा होईल? टाइप करताना चुकलं असणार. तिने माझ्या पोटातला एफ काढून आय घातला आणि माझा वेट केला. वेट म्हणजे वाट पाहणं. मूळ घराणं आमचं एकच, राखण करणाऱ्यांचं. म्हणजे भाऊबंदच माझा, आणि भाऊबंदानेच घात केला. छापून आलं होतं: तो वाट पाहत राहिला, आणि त्याने कुणाकडे काही मागितलं नाही.

लोर्ना तडक कचेरीत गेली. बेव्हर्ली ओशाळली, पुढच्या अंकात दुरुस्ती छापते म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात आर्विडची शेजारीण हिल्मा आत आली, वय पंच्याऐंशी. तिला त्या अंकाच्या आणखी पाच प्रती हव्या होत्या. लोर्नाला पाहून तिने तिचा हात धरला.

"बरं केलंस पोरी, खरं तेच लिहिलंस. तुला ठाऊक नसेल असंच वाटायचं आम्हाला."

"काय ठाऊक नसेल, हिल्माकाकू?"

"दर शनिवारी वाफेच्या आंघोळीला सौनाची खोली तापवायचा आणि खुंटीला दोन टॉवेल लावायचा. मी चिडवायचे, दुसरा कुठल्या मैत्रिणीचा रे? तर म्हणायचा, लोर्ना आली तर. अंधार पडेपर्यंत आत जायचा नाही. पाणी गार व्हायचं, मग एकटाच आंघोळ करायचा."

"मला कधी बोलावलं नाही त्यांनी."

"कुठल्या तोंडाने बोलावणार होता?"

 लोर्नाने पेपर उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं, बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तसं. मी आशेने तिच्या तोंडाकडे पाहत होतो. म्हण, बाई, दुरुस्ती छापा म्हण.

"राहू द्या," ती बेव्हर्लीला म्हणाली. "बरोबर छापलंय."

आता त्या गावात धूर नाही आणि माझं नावही निघत नाही. ती बातमी मात्र घराघरांत फ्रिजवर आहे. तुमच्या ओळखीत कुणी इंग्रजी लिहिणारं असेल तर माझी शिफारस करा, बाबांनो, मी अजून कामाचा आहे. फ्लोट-ड्रिफ्टवरची माझी जळफळ एक वेळ थांबेल, पण या वेटवरची नाही थांबायची. तिने लिहिलं ते ऐकायला गोड होतं, म्हणजे मी. चुकून छापलं गेलं ते खरं होतं, आणि ते खरं तिला सव्वीस वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं.