ओल्या लाकडाचा क्रूस

बाबांनी चर्चसाठी केलेल्या क्रूसाला पालवी फुटली. मंडळीनं तो चमत्कार मानला. बाबा मात्र आठवडाभर दुकानाबाहेर पडले नाहीत.

"चाळीस वर्षं सुतारकी केली," ते मला म्हणाले, "आणि आता लोक माझ्या चुकीपुढे गुडघे टेकताहेत."

चूक साधी होती. जुना क्रूस वाळवीनं पोखरला होता आणि नवा ईस्टरच्या आत उभा राहायला हवा होता. चर्चच्या पाळकांना तो सालीसकट, ओबडधोबड हवा होता. बाबांनी नदीकाठचं वाळुंजाचं झाड तोडलं आणि अठरा दिवसांत क्रूस जोडून दिला. एवढा जाड खांब वाळायला निदान वर्ष लागतं. त्यात वाळुंजाची जात अशी, की कुंपणाला खुंट म्हणून ठोकलं तरी पालवतं. लाकडातली ओल मोजणं हे माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम आहे. बाबांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की या खांबाच्या वजनात निम्मं पाणी आहे. पण लेकीला काय विचारायचं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

आडव्या दांड्याच्या वीतभर खाली तीन फुटवे आले. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, चिमीचा, रिपोर्ट आला. स्वादुपिंडात गाठ होती. चार-पाच डॉक्टर, तपासण्या आणि रांगा यांत आणखी दोन आठवडे गेले. शेवटी गुरुवारची शस्त्रक्रिया ठरली. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत दाखल व्हायचं, नाहीतर खाट पुढच्या रुग्णाला जाणार होती. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची होती, आणि गाठ तेवढं थांबणार नव्हती.

रविवारी पाळकांनी झाडांवर प्रवचन केलं. पहिल्या बागेतलं जीवनाचं झाड, बुंध्यातून निघालेला कोंब, शेवटच्या नगरीतलं ते झाड ज्याची पानं माणसांना बरं करतात, आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा असलेला क्रूस. तोही एक झाडच, असं ते म्हणाले आणि त्यांनी वर बोट दाखवलं. सगळ्यांनी वर पाहिलं. चिमी रडली. सोमवारी तिनं जाहीर केलं, "मला ऑपरेशन नको. मला खूण मिळाली आहे."

बुधवारी चारला मी चर्चमध्ये पोचले. पाळक दारातच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी तिला जाऊ नको असं म्हटलेलं नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "मी पालवीबद्दल बोललो. काल दोन तास समजावलं तिला. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकेल. हात जोडतो, न्या तिला."

चिमी पहिल्या बाकावर होती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी छटा आली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि पर्समधून वही काढली. गेले तीन आठवडे मी फुटवे मोजत होते.

"आलीस वही घेऊन," ती म्हणाली. "स्वतःच्या लग्नातही हिनं हाराची लांबी मोजली होती."

"एक हार आखूड होता. चिमे, ऐक. पहिल्या आठवड्यात हा मोठा फुटवा सहा सेंटिमीटर वाढला. दुसऱ्यात चार. या आठवड्यात एक पण नाही. खाली मुळं नाहीत. खांबात साठलेलं जे आहे, त्यावर तो जगतोय. ते संपत आलंय."

"मग?"

"दोन आठवड्यांत वाळेल. तेव्हा तू काय करणार आहेस? तेव्हा खाट नसेल."

ती वर बघत राहिली. पानं कडेनं आत वळायला लागली होती. हे दोन दिवसांपूर्वी नव्हतं.

"वाचवता नाही यायचं?" तिनं विचारलं.

"येईल. आज कापून ओल्या वाळूत खोचला तर मुळं धरेल. वाळुंज सहज धरतं."

"तुझ्याकडे सगळ्यावर एकच औषध आहे गं ताई. कापा."

मला हसू आलं नाही. मी वही मिटली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इथून हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर. मनात मी सारखी हीच वजाबाकी करत होते.

"बाबांना बोलावू का?" मी म्हटलं. "ते स्वतः सांगतील तुला. लाकूड ओलं होतं. बाकी काही नाही."

"मला माहीत आहे लाकूड ओलं होतं."

"काय?"

"सुताराची मुलगी तू एकटीच आहेस का?" ती अगदी हळू बोलत होती, बाकापलीकडे ऐकू जाऊ नये असं. "पहिल्याच दिवशी कळलं मला. सालीवर हात ठेवला तर गार लागली. वाळलेलं लाकूड असं गार लागत नाही."

"मग खूण म्हणून का सांगितलंस सगळ्यांना?"

"खूण म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. ऑपरेशन नको म्हटलं की सगळे विचारतात." तिनं वर बोट दाखवलं. "शिवाय, आहेच की खूण. तोडलेला खांब, मुळं नाहीत, खाली सिमेंट. तरी हिरवा झाला. देवाला कोरडं लाकूडच लागतं असं कुणी सांगितलं तुला?"

मी प्रार्थना करते, पण आकड्यांसारखी, चुकायला नको म्हणून.

"डॉक्टरांनी तुला काय सांगितलं?" मी विचारलं. "तू म्हणालीस चान्स चांगले आहेत."

"शंभरातले अकरा. पाच वर्षांनी जिवंत असणारे. तेही गाठ पूर्ण निघाली तर. पोट उघडल्यावर कळेल म्हणाले."

अकरा. मी तो आकडा मनात लिहून पाहिला.

"तुला सांगितलं असतं तर तू रात्रभर बसून त्याचे बारा करायला गेली असतीस," ती म्हणाली. "ताई, मला घाबरायला होतं. शुद्ध हरपते ना, त्याला. उठलेच नाही तर? इथं निदान मला बसल्या जागी दिसतं."

"अकरा म्हणजे शून्य नाही, चिमे."

"तुझ्या प्रयोगशाळेत शंभरातले अकरा नमुने टिकले, तर तू लाकूड नापास करतेस."

"करते." माझा आवाज चढला. "लाकूड करते. तू लाकूड आहेस का? मला ते अकराच हवेत. मला एक असता तरी हवा होता. त्या एकासाठी मी तुला खांद्यावर टाकून नेलं असतं."

"पंचावन्न किलो आहे मी."

"एकोणपन्नास. सोमवारी वजन केलं होतं."

ती हसली. हसता हसता पोट धरून वाकली. ते हसण्यामुळे नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर एकेक मणका मोजता आला असता. मी मोजला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वॉर्डमधली नर्स होती. "बाई, तुमचे पेशंट येणार आहेत की नाही? इथं एक काका सकाळपासून स्ट्रेचरवर आहेत. हो की नाही तेवढं सांगा."

मी चिमीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही.

न तपासलेला आकडा मी आजवर कुठल्या कागदावर लिहिलेला नाही.

"निघालोय आम्ही," मी फोनमध्ये म्हटलं. "रस्त्यात आहोत."

फोन ठेवला. दाराशी पाळकांनी घेतलेला श्वास मला ऐकू आला.

"खोटं बोललीस," चिमी म्हणाली.

"हो."

"त्याच्या समोर बसून. आणि त्या स्ट्रेचरवरच्या काकांची खाट अडवून."

"हो. त्याचं मी बघेन काय ते. तू ऊठ."

ती उठली नाही. पाय सुजल्यामुळे तिनं बूट काढून बाकाखाली सरकवले होते. मी खाली वाकले, गुडघे फरशीवर टेकले आणि एक बूट ओढून घेतला. तिचा पाय हातात घेतला. बोटानं दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. बूट टाचेशी अडकला. पुन्हा ढकलला, पुन्हा अडकला.

"होत नाही ताई," ती म्हणाली. "सोड."

मी नाडी भोकांतून पूर्ण ओढून काढली, बुटाची जीभ बाहेर खेचली आणि पुन्हा सुरुवात केली. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मोज्यावर पडत होतं आणि मला टाच नीट दिसत नव्हती.

तिनं पाय मागे घेतला नाही.