अब्रूदार आजार

बुधवारी दुपारी ओदेतने लसूण-कोथिंबीर कुटून पावाचं सूप केलं. नवरा, अमांदियू, वाडग्याला शिवला नाही. टाळेबंदीत बुचाचा कारखाना बंद पडल्यापासून त्याची झोप उडाली होती. तो उठला आणि परसातल्या विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसला.

ओदेतने त्याला मागे ओढलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. सासू एर्मेलिंदाने तो हिसकावून घेतला. "पोराला ताप आहे, खोकला आहे. लवकर या."

"आई, कुठाय ताप?"

"अगं, कोरोना डॉक्टरांनाही होतो. वेड घराण्याला चिकटतं."

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, नाकात काडी घालून गेली. कोरोना नव्हता. आई शेजारी उभी असल्यामुळे विहिरीचं कुणी काढलंच नाही. तोवर तापाची बातमी पसरली होती. फाटकाशी संत्र्यांच्या पिशव्या आल्या. आमच्या गावात सगळ्यांना फुप्फुसं असतात, गुडघे तर फारच असतात. मन मात्र कुणालाच नसतं.

शनिवारी सकाळी तो पुन्हा विहिरीत वाकलेला दिसला. ओदेतने पट्टा धरून त्याला खेचलं, एका हाताने धरूनच ठेवलं, दुसऱ्याने फोन लावला.

"ताप सांग," सासू पुटपुटली.

"बाजूला व्हा, आई." मग ती मोठ्याने बोलली, "माझा नवरा जीव देतोय. ताप नाही. मनाचा डॉक्टर हवाय."

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या इदालिनाने ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावाचा कळवळा आटला.

जिल्ह्याच्या इस्पितळात नर्सने विचारलं, "कधीपासून असं?"

"पाच आठवडे."

"मग आज आलात?"

"मलाही लाज वाटत होती," ओदेत खाली बघत म्हणाली.

नर्सने मनोविकार विभागाची रिकामी बाकं दाखवली. "महिनाभर अशीच आहेत. लोक बरे झालेत म्हणून नव्हे."

बावीस दिवसांनी अमांदियू घरी आला. वाळलेला होता, पण झोपत होता. एर्मेलिंदा पाववाल्याकडे सांगत होती, "कोरोनाच होता." लोक मान डोलवत होते. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना सोयीचं होतं.

एके दुपारी इदालिना मागल्या दाराने आली. मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"माझी बहीण... तीन दिवस खोलीचं दार उघडत नाही. तू कुठला नंबर लावलास? कुणाला बोलू नकोस हं."

"नंबर तोच, रुग्णवाहिकेचा. तुला पाठ आहे."

"मग काय सांगू त्यांना?"

"जे मला सांगितलंस ते."

इदालिनाने अंगणाकडे पाहिलं. ओदेतची सासू तिथेच बसली होती.

"हळू बोलले तर चालेल?" तिने विचारलं.

"हळू बोल," ओदेत म्हणाली, "पण आत्ता बोल."