चार बोटं कापड

हसू नका मित्रांनो, मी शाळेचा एक जुना स्कर्ट आहे. एकेकाळी चांगला गडद निळा होतो, आता पार विटलोय. अंगाला सुक्या बोंबलांचा वास येतो, हे आधीच सांगून टाकतो. नीराबाई मला धुऊन बोंबलांच्याच बांबूवर वाळत घालते. दुसरी जागा तिच्याकडे आहे कुठे?

रेवदंड्याच्या बाजारात शिंप्याने मला शिवलं, तेव्हा नीराबाईने त्याला बजावलं होतं की खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेव. तिला दोन मुली. राही नववीत, नेत्रा सहावीत. नेत्राची शाळा सकाळची, राहीची दुपारची. पांढरे सदरे दोघींना होते, स्कर्ट मात्र मी एकटाच! फुकटचा गणवेश येणार येणार म्हणता दिवाळी तोंडावर आली, आणि तो आठवीपर्यंतच, म्हणजे राहीच्या वर्गाला तर मिळणारच नव्हता. शाळा फुकट आहे, असं सगळे म्हणतात.

रोज साडेबाराला नेत्रा धावत यायची आणि मला उतरवायची. नीराबाई दारात बसून माझे कच्चे टाके उसवायची, दुमड सोडायची, की मी राहीच्या मापाचा. संध्याकाळी पुन्हा दुमड, पुन्हा टाके. सुईने माझी चाळण केली, पण तक्रार करणार कुणाकडे? राहीला रोज उशीर व्हायचा. बाई कारण विचारायच्या आणि ती मान खाली घालून उभी राहायची. घरची अडचण चव्हाट्यावर कोण मांडणार? वर्गात ती अडचण फक्त मला ठाऊक होती, आणि मला तोंड नव्हतं. फार गुदमरायचो हो मी.

राही मात्र हुशार. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दहावी झाली की नर्सिंगला जायचं, हे तिने नेत्राला शंभरदा सांगितलं होतं.

एका संध्याकाळी घरातला दोरा संपला. नीराबाई फाटलं जाळं सांधत बसली होती. तिने त्याच नायलॉनने माझी दुमड शिवली आणि हाताच्या सवयीने टाक्याटाक्याला जाळ्याची गाठ मारली. जन्मभर जाळी सांधणारा हात तो, दुसरी गाठ कुठून मारणार? मोठ्या माशाच्या धडपडीने जी सुटत नाही, ती पोरींच्या नखांनी काय सुटणार!

दुसऱ्या दिवशी एक वाजता राहीचा सहामाहीचा गणिताचा पेपर. त्या दिवशी मासळी जास्त होती, त्यामुळे नीराबाई बाजारातच अडकलेली, धारेची विळी तिच्याच पाटीत, शेजारच्या घरालाही कुलूप. दोघी बहिणींनी मला नखांनी, दातांनी ओढलं. बोथट सुरी लावली तसा मी टरकन फाटू लागलो, आणि राही थांबली. मी पुरता फाटलो असतो तर नेत्राही घरी बसली असती. राहीने मला तसाच चढवला, गुडघ्याच्या वर चार बोटं. फाटकात बाईंनी तिला अडवलं, नीट स्कर्ट घालून ये म्हणाल्या. घरी दुसरा असेल, असंच त्यांना वाटलं. राही फाटकातूनच परत फिरली. पेपर बुडाला.

नीराबाईला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. मग शेजारून कात्री आणून माझी पहिली गाठ कापणार, तोच राहीने तिचा हात धरला.

"आये, ऱ्हाऊ दे. आता नेत्राच्याच मापाचा ऱ्हाऊ दे."

"बाय माझे, माझं चुकलं गो."

"तुझं न्हाय चुकलं," राही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन आईबरोबर बाजारात जाऊ लागली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला जपायला म्हणूनच राहीने सुरी थांबवली. पण तुमच्या वर्गात कुणी रोज उशिरा येत असेल, तिच्या कपड्यांना वास येत असेल, तर नाक मुरडण्याआधी तिच्याशेजारी जाऊन बसा. काय झालं, एवढं विचारा.

नेत्रा रोज सकाळी मला घालून शाळेत जाते. गाठी अजून घट्ट आहेत. त्यांच्याआड चार बोटं कापड आहे, ते राहीचं.