लाल फितीची अकरा रोपं

खाडीकाठच्या गटात नवा माणूस आला की मावशी त्याला पहिल्या दिवशी दहा मिनिटं कामाची पद्धत समजावून सांगायची. माझ्या वेळी त्या दहा मिनिटांत मी पाण्याचा खारटपणा मोजत बसले होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मला एका निवृत्त नर्सने तण काय शिकवावं, अशी माझी ऐट होती. मग ती नर्स माझी सख्खी मावशी का असेना.

गटाने सहा वर्षं काठावर माजलेलं घाणेरीचं परकं तण काढलं होतं. आता बुधवारी पालिकेचा इंजिनिअर बघायला येणार होता. इथली मूळची झाडं आपली आपण उगवताना दिसली, तर काठ तसाच राहणार होता. नाहीतर दगडी भिंत. माणसांनी लावलेली झाडं तो धरणार नव्हता.

शनिवारी दुपारी भरतीच्या रेषेच्या जरा वर मला भेंडाची, म्हणजे इथल्याच मूळच्या झाडाची, आपोआप उगवलेली रोपं दिसली. दोनदा मोजली, अकरा. सगळ्यांत उंच रोप एकोणीस सेंटिमीटर होतं. फोटो काढले आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून अवजारांच्या पेटीतली लाल फीत प्रत्येकाला बांधली. आमच्या कॉलेजच्या प्लॉटवर फितीचा अर्थ एकच होता: हात लावायचा नाही. मावशीला प्रत्यक्षच दाखवू, म्हणून फोन केला नाही.

रविवारी बस चुकली. पोचले तेव्हा गटातले शिंपीकाका ब्रश धूत होते. गटाला फिती त्यांच्याच दुकानातून यायच्या. "ऑफिसातली लालफीत कामं अडवते, आपली उरकते," ते मला म्हणाले. त्यांच्या मागे मातीत अकरा निळे ठिपके होते. गटात फीत म्हणजे काढायचं तण. बुडाशी कापायचं आणि पंधरा सेकंदांत निळं औषध लावायचं, म्हणजे परत फुटत नाही. काकांचं काम शिलाईसारखं नेटकं; एकही बुंधा सुटला नव्हता.

दुपारी मावशीच्या स्वयंपाकघरात मी सगळं सांगितलं. तिने फोटो मोठे करून एकेक पान पाहिलं. फीत दिसली की विचार करायचा नाही, हा नियम तिचाच. पूर्वी लोक घाणेरीच्या फुलांवर भाळून वाद घालत बसायचे, म्हणून केलेला.

"शिंप्याला कळता कामा नये," ती म्हणाली. "बायको गेल्यापासून त्या माणसाचा आठवडा रविवारपुरता उरलाय."

"आणि इंजिनिअरला?"

"काही उगवलं नाही म्हणायचं."

"मग भिंत होईल, मावशी."

ती ओटा पुसत राहिली. पुसलेलाच ओटा.

बुधवारी इंजिनिअरने विचारलं आणि मावशीने नाही म्हणून सांगितलं. शिंपीकाका शेजारीच उभे होते. इंजिनिअरने पेनाचं टोपण काढलं, तेव्हा मी मोबाइल पुढे केला. अकरा उगवली होती, मी चुकीची खूण केली, एवढंच सांगितलं. कापली कोणी, ते बोलले नाही. त्याने वाकून ठिपके पाहिले. फॉर्मात फक्त उभी रोपं धरतात, पण फोटो जोडतो, पुढचं साहेबांच्या हातात, असं म्हणून तो गेला.

मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काका कापलेल्या पाल्याजवळ उकिडवे बसले. एक पान उचलून त्यांनी चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

"घाणेरीचा हाताला वास राहतो," ते मावशीला म्हणाले. "रविवारी राहिला नव्हता. पहिलं कापल्यावर मी जरा थांबलो होतो, ताई. मग म्हटलं, फीत आहे."

"चूक पोरीची आणि नियम माझा, तुमचा यात काय दोष," मावशी म्हणाली. त्यांनी मान डोलावली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खिशातली कात्री तिच्या हातात दिली.

"उरलेली दहा मी थांबल्यानंतर कापली," ते म्हणाले.